कारवारला बदली: सगळं घर हलवायचं की नाही?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. यजमान नौदलात पेटी ऑफिसर आहेत, मुंबईहून कारवारला बदलीचा हुकूम आलाय आणि डिसेंबरात रुजू व्हायचंय. मुलगी आठवीत, मुलगा दुसरीत, दोघंही मुंबईत केंद्रीय विद्यालयात. सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय, साखरही आहे. तुम्ही एका सीएंच्या ऑफिसात हिशेब बघता. गावचं घर सांगलीला, तिथे दीर-जाऊ राहतात. तुम्ही विचारलंय की सगळ्यांनी मिळून कारवार गाठावं, की तुम्ही मुलांना आणि सासूबाईंना घेऊन सांगलीला राहावं. आणि शेवटी, "कारवार राहायला कसं आहे?"

माझे यजमान नौदलातून निवृत्त झाले. मुंबई, विशाखापट्टणम, कोची आणि कारवार अशा चारही ठिकाणी आम्ही संसार मांडला. कारवारला नव्याने येणाऱ्या कुटुंबांचं घर लावून देणं, शाळा-दवाखान्याचं बघणं हे काम मी बरीच वर्षं केलं, अजूनही कुणी विचारलं तर करते. त्या अनुभवावरून सांगते.

कारवार कसं आहे, याचं उत्तर छोटं आहे. देखणं आहे, पावसाळ्यात कमालीचं ओलं आहे आणि मोठ्या शहरांपासून लांब आहे. पण तेवढ्यावर तुमचा निर्णय होणार नाही. यजमान समुद्रावर असतील तेव्हा घरातल्या चार माणसांचं नीट कुठे निभेल, हे तुम्हाला ठरवायचंय. ते ठरतं तीन गोष्टींवर: यजमानांचं पोस्टिंग जहाजावर आहे की किनाऱ्यावर, मुलीची इयत्ता, आणि सासूबाईंच्या हृदयाची आजची अवस्था. यातली एक जरी बदलली तरी माझा सल्ला बदलेल. म्हणून एकेक घेते.

पहिली गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत, आणि ती सगळ्यात मोठी आहे. हुकुमात युनिटचं नाव काय आहे? आयएनएस कदंब, नौदलाचं जहाजदुरुस्ती यार्ड, वज्रकोश अशा किनाऱ्यावरच्या आस्थापनेत पोस्टिंग असेल, तर माणूस बहुतेक संध्याकाळी घरी येतो. ड्युटीच्या रात्री वगळल्या तर चारचौघांसारखा संसार होतो. मुलांना वडील मिळतात, आणि नौदलाच्या नोकरीत अशी वर्षं फार वाट्याला येत नाहीत. अशा वेळी दोन घरं मांडू नयेत, या मताची मी ठाम आहे.

जहाजावर असेल तर गणित वेगळं. सेलिंग सुरू झालं की आठवडे, कधी महिने घरात तुम्ही एकट्याच. आणि कारवारचं म्हणून एक जास्तीचं कलम आहे, ते नव्या लोकांच्या लक्षात येत नाही. इथल्या शिपलिफ्टची क्षमता १०,००० टन आहे. त्यात बसणारी जहाजं कारवारलाच पाण्याबाहेर काढून दुरुस्त होतात. पण विक्रमादित्यसारखं चाळीस हजार टनांच्या वरचं विमानवाहू जहाज कारवारचंच असूनही ड्राय डॉकसाठी कोचीच्या शिपयार्डला जातं. जहाज गेलं की माणसंही गेली. बायका-मुलं कारवारच्या क्वार्टरमध्ये आणि नवरा कोचीत, अशी कितीतरी घरं मी पाहिली आहेत. तेव्हा जहाज असेल तर यजमानांना एवढं विचारा की येत्या दीड-दोन वर्षांत मोठं रिफिट, म्हणजे जहाजाची मोठी दुरुस्ती, आहे का, आणि कुठे. त्यांनाही तारखा ठाऊक नसतील, फोनवर त्या विचारूही नका. पण "मोठं काम जवळ आलंय की नुकतंच झालंय" एवढा अंदाज जहाजावरच्या प्रत्येकाला असतो.

आता मुलीची शाळा. इथे तुमची वेळ चांगली जुळून आली आहे, ती वाया घालवू नका. बदलीमुळे एका केंद्रीय विद्यालयातून दुसऱ्यात टीसीवर प्रवेश मिळतो. नव्या प्रवेशाची सोडत वगैरे भानगड नसते. शिवाय कारवारला नेव्ही चिल्ड्रन स्कूलचाही पर्याय आहे. पण सीबीएसईत नववीतच दहावीच्या परीक्षेची नोंदणी होते, आणि नववी-दहावी ही जोडी एका शाळेत झालेली बरी. मुलगी मार्चमध्ये आठवी संपवून एप्रिलमध्ये नववीला कारवारला बसली, तर दोन्ही वर्षं एका जागी होतील. "नववी मुंबईत होऊ दे, मग बघू" म्हणालात तर दहावीच्या तोंडावर शाळा बदलायची वेळ येईल, आणि ती सगळ्यात वाईट वेळ. आणि सांगलीला गेलात तर शाळा तर बदलेलच, बहुधा मंडळही बदलेल. म्हणजे सांगलीला राहण्याचं कारण मुलीचं शिक्षण असेल, तर ते कारण माझ्या मते टिकत नाही.

यजमान डिसेंबरात पुढे जातील. तुम्ही मुलांचं वर्ष पुरं होईपर्यंत मुंबईच्या क्वार्टरमध्येच राहा. शैक्षणिक सत्र संपेपर्यंत क्वार्टर ठेवायची परवानगी मागता येते. अर्ज मात्र यजमानांनी निघण्याआधी स्वतः करून जावा, शाळेचा बोनाफाइड जोडून. मागून नातेवाइकांमार्फत कागद फिरवण्यात फार दमछाक होते.

अकरावी-बारावीचं आधीच सांगून ठेवते. मुलीला मेडिकल किंवा इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेची जोरात तयारी करायची असेल, तर कारवारला शिकवणीचे पर्याय मोजके आहेत. बरीच मुलं मडगाव, हुबळी, मंगळूर किंवा पुणे गाठतात. हा प्रश्न तुमच्यापुढे दोन वर्षांनी येईल, आज त्यावरून निर्णय करू नका. एक कागद मात्र आत्ताच हाती घ्या. महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांना संरक्षण दलातल्या पालकांच्या मुलांसाठी राखीव जागा असतात, आणि त्यात महाराष्ट्राचा अधिवास असलेल्या, सेवेत असलेल्या सैनिकांच्या मुलांचा गट वेगळा आहे. मुलगी दहावी-बारावी कर्नाटकात झाली तरी यजमानांचा अधिवास दाखला हाताशी असला की पुष्कळ दारं उघडी राहतात. तो सांगलीहूनच काढायचा आहे, तेव्हा पुढच्या रजेत काढून ठेवा. प्रवेशाचे नियम दर वर्षी नव्याने छापून येतात, ते त्या वर्षी वाचायचेच.

धाकट्याची काळजी करू नका. दुसरी-तिसरीतलं मूल नव्या शाळेत पंधरवड्यात रुळतं, आणि नौदलाच्या वसाहतीत तर अर्धी मुलं त्याच्यासारखीच नुकती कुठून तरी आलेली असतात.

तिसरी गोष्ट सासूबाईंची, आणि इथे मला स्पष्ट बोलायला हवं. तळावर नौदलाचं हॉस्पिटल आहे, आयएनएचएस पतंजली. रोजची औषधं, साखर-रक्तदाबाची तपासणी, ताप, पडणं-झडणं याची सोय चांगली होते. गावात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं हॉस्पिटल आहे. पण हृदयविकाराचं मोठं काम निघालं तर कारवारबाहेर जावं लागतं. नौदलाकडून रेफर केलं तर बऱ्याचदा मुंबईचं नौदलाचं हॉस्पिटल, अश्विनी, आणि तातडीचं असेल तर गोवा किंवा मंगळूर-मणिपालच्या दिशेची मोठी हॉस्पिटलं. अख्ख्या उत्तर कन्नड जिल्ह्याचं हेच दुखणं आहे. २०२२ साली सुपरस्पेशालिटी हॉस्पिटलसाठी तिथल्या लोकांनी मोठी मोहीम उभी केली होती, ती उगाच नाही. मडगाव कारवारहून साधारण ७० किलोमीटर. वाटेत काणकोणच्या पुढे करमळ घाट. कोरड्या दिवसात दीड-पावणेदोन तासांत पोचता. जुलैच्या रात्री झाड आडवं पडलं असेल तर किती वेळ लागेल, हे कुणीच सांगू शकत नाही.

उलट सांगलीला तुमच्या हाताशी मिरज आहे. हृदयाच्या डॉक्टरांच्या बाबतीत कारवार मिरजेच्या जवळपासही येत नाही. म्हणून तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना एकच नेमका प्रश्न विचारा: "मोठ्या हॉस्पिटलला पोचायला दोन-तीन तास लागतील अशा गावी यांनी राहिलेलं चालेल का?" "प्रवास करू दे का" असं विचारू नका. प्रवासाला सगळे डॉक्टर हो म्हणतात. प्रश्न राहण्याचा आहे. ते बिनदिक्कत हो म्हणाले, वर्षातून एकदा तपासणी पुरे म्हणाले, तर न्या. जरा जरी थांबून बोलले, तर सासूबाईंचा मुक्काम सांगलीलाच ठेवा.

मधला मार्गही आहे, आणि मी तो अनेक घरांना सुचवते. ऑक्टोबर ते मे कारवार, पावसाळ्याचे चार महिने सांगली. कारवारला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर पाय टाकता येत नाही, सांधे धरतात, आणि नेमके त्याच दिवसात रस्ते बेभरवशाचे असतात. जुलै २०२४ मध्ये अंकोल्याजवळ शिरूरला दरड कोसळून राष्ट्रीय महामार्ग कितीतरी दिवस बंद होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काळी नदीवरचा जुना पूल मध्यरात्री कोसळला. हे भीती घालायला सांगत नाही, पण पावसाळ्यात आजारी माणसाचा बेत आखताना हे धरूनच चालावं लागतं. फक्त सांगलीचं घर पुराच्या पट्ट्यात नाही ना, हे बघा. २०१९ आणि २०२१ चे ऑगस्ट-जुलै तुम्ही पाहिलेच असतील. जाण्या-येण्याला गोवा एक्स्प्रेस आहे. सांगलीहून थेट मडगाव, तिथून कारवार. सासूबाईंना बसने घाटातून आणण्यापेक्षा ते सुखाचं. मात्र पावसात कॅसलरॉकच्या घाटातही दरड कोसळून गाड्या बंद पडतात, म्हणून मे अखेरीस जायचं आणि ऑक्टोबरात यायचं, मध्ये नाही.

आणखी एक. सासूबाईंचं नाव यजमानांच्या सेवेच्या नोंदीत अवलंबित म्हणून चढलंय का? त्यांना सासऱ्यांचं निवृत्तिवेतन मिळत असेल तर उत्पन्नाच्या मर्यादेत बसतात का, हेही बघावं लागतं. नाव नसेल तर पतंजली असो की अश्विनी, दारातच अडेल. हे काम मुंबईत असतानाच उरकून डिपेंडंट कार्ड हातात घ्या. त्यांची अँजिओग्राफीची सीडी, डिस्चार्ज कार्ड, सध्याच्या गोळ्यांची यादी यांची एक फाईल करा आणि तिचे फोटो तुमच्या फोनमध्ये ठेवा. रात्री अडीच वाजता कपाट उघडून कागद शोधायची वेळ येऊ नये.

घराबद्दल थोडक्यात. क्वार्टरसाठी प्रतीक्षायादी असते, आणि ती हुद्दा नि रुजू झालेल्या तारखेप्रमाणे सरकते. नौदलतळाच्या प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात नव्या इमारती उभ्या राहिल्या आहेत, त्यामुळे पूर्वीइतके हाल नाहीत. तरी एप्रिलपर्यंत नंबर लागेलच असं धरून चालू नका. भाड्याने घ्यावं लागलं तर तळाच्या जवळ बिणगा किंवा अमदळ्ळीच्या बाजूला, नाहीतर गावात काजूबाग, कोडीबाग, हब्बुवाडा या भागांत बघतात. गावात बाजार, डॉक्टर, रिक्षा हाताशी. बिणग्याला यजमानांची ये-जा सोपी. सासूबाई सोबत असतील तर मी गावच घ्यायला सांगेन. जमिनीला टेकलेलं घर घेऊ नका, वरचा मजला घ्या, आणि बघायला जाल तेव्हा भिंतीच्या खालच्या हातभर पट्टीकडे बघा. नवा रंग फक्त तेवढ्याच पट्टीला दिला असेल तर पावसाळ्यात तिथून ओल येते.

पैशाचंही बघून ठेवा. क्वार्टर नसताना मिळणारा घरभाडे भत्ता जानेवारी २०२४ पासून मुंबई-पुण्यासारख्या शहरांना मूळ वेतनाच्या ३० टक्के आहे, तर कारवारसारख्या गावाला १० टक्के. भाडंही मुंबईच्या मानाने कमीच असतं, पण पगाराच्या चिठ्ठीतला आकडा बघून पहिल्या महिन्यात दचकू नका. बदलीचं अनुदान मूळ वेतनाच्या ८० टक्के मिळतं. सामानाच्या ट्रकची पावती, वजनाची चिठ्ठी जपून ठेवा, क्लेमला तीच लागते.

एप्रिलमध्येच यायला सांगतेय त्याचं दुसरं कारण पाऊस. मेअखेर घर तयार असलं पाहिजे. कारवारची ओल मुंबईच्या ओलीसारखी नाही. जुलैत आठवडाभर कपाट उघडलं नाही, तर चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट बुरशीचा थर येतो, रेशमी साडीच्या घडीवर तपकिरी ठिपके पडतात आणि काड्यापेटीची काडी पेटता पेटत नाही. यजमानांचा ठेवणीतला पांढरा युनिफॉर्म तर आधी बळी पडतो. जड फर्निचर भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. प्लायवुडचं स्वस्त कपाट आणूच नका, लोखंडी आणाल तर पाय रंगवून घ्या. भरड्या मिठाची वाटी कपाटात ठेवायचा जुना उपाय चालतो, फक्त दर दोन-तीन दिवसांनी पाणी फेकावं लागतं. टीव्ही, मिक्सर, कॉम्प्युटर रोज थोडा वेळ तरी चालू ठेवा. कपडे वाळवायला एक खोली मोकळी ठेवा, तीत पंखा आणि दोऱ्या. डाळ-तांदूळ जूनआधी उन्हं दाखवून घट्ट डब्यात. हे सगळं मे महिन्यात सहज होतं, आणि पाऊस लागल्यावर अजिबात होत नाही.

आता ज्यावर मला मनापासून बोलायचंय ते. वसाहतीच्या गेटच्या आत कँटीन, शाळा, सिक बे म्हणजे छोटा दवाखाना, बाग, पोहायला तलाव, सगळं असतं. पुष्कळ कुटुंबं दोन-तीन वर्षं त्या गेटच्या आतच काढतात आणि म्हणतात, कारवारला काही नाही. मला याचं फार वाईट वाटतं. आतली सगळीच माणसं बदलीवरची असतात. तुमची जिवाची शेजारीण आज आहे, मार्चमध्ये विशाखापट्टणमला गेलेली असते. गावातली माणसं मात्र तिथेच असतात. जहाज गेलेलं असताना, वसाहतीतली अर्धी घरं सुट्टीत बंद असताना, रात्री रिक्षा घेऊन येणारा, नळ फुटल्यावर धावणारा, मडगावला ओळखीचा डॉक्टर सांगणारा माणूस गावातलाच असतो.

आणि त्या माणसांशी कसं वागायचं, हे कळायला तळाचा इतिहास ठाऊक हवा. १९७१ च्या युद्धानंतर मुंबईची गर्दी सोडून पश्चिम किनाऱ्यावर दुसरा मोठा तळ हवा, असं नौदलाला वाटू लागलं. अ‍ॅडमिरल ऑस्कर स्टॅनली डॉसन यांनी कारवारची कल्पना पुढे नेली. २४ ऑक्टोबर १९८६ ला राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली, आणि आयएनएस कदंब ३१ मे २००५ ला कार्यान्वित झालं. मधल्या वर्षांत या पट्ट्यातली गावंच्या गावं उठली. भाताची खाचरं, माडाच्या बागा, होड्या ओढायची पुळण, सगळं कुंपणाच्या आत गेलं. लोक तोडूर, मुदगा अशा पुनर्वसनाच्या वसाहतींत गेले, आणि वाढीव मोबदल्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या कित्येक वर्षं झिजवल्या. तोडूरच्या एक आजी माझ्याकडे भाजी आणायच्या. एकदा मी त्यांना तळाच्या कुंपणापाशी सोडायला गेले, तर त्यांनी हात करून दाखवलं, "त्या क्रेनच्या अलीकडे आमची विहीर." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण मी त्यानंतर कुणाहीजवळ "पूर्वी इथे काहीच नव्हतं" असं बोलले नाही, आणि तुम्हालाही कळकळीने सांगते, बोलू नका.

भाषेची अडचण तुम्हाला इतरांपेक्षा कमी येईल. घरोघरी कोंकणी चालते, मराठी बहुतेकांना समजते, जुन्या मंडळींपैकी काहींचं शिक्षणही मराठीत झालंय. मासळी बाजारात बांगड्याचा भाव करताना तुमची सांगलीची मराठी पुरेल. पण सगळं मराठीवर भागतंय म्हणून कन्नड शिकायचं टाळू नका. बसच्या पाट्या, रेशनचं ऑफिस, पोलीस ठाणं, सगळं कन्नडमध्ये. अक्षरं ओळखण्यापुरती लिपी महिनाभरात येते, मुलगा तर तुमच्याआधी शिकेल. आणि सीमाप्रश्नावर तिथे मत देत बसू नका. आपण पाहुणे म्हणून आलोय, तो विषय त्या लोकांच्या रोजच्या जगण्याला चिकटलेला आहे. रविवारच्या बाजाराला जा, अंकोल्याकडच्या हालक्की समाजाच्या बायका गळ्यात मण्यांच्या माळा घालून भाजी घेऊन बसतात, त्यांच्याकडून दर आठवड्याला घ्या, घासाघीस करू नका. बैतखोल बंदरावर सकाळी होड्या लागतात तिथे मुलांना न्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्या दिवसांत सुक्या मासळीवर भागवायचं, तेही शिकून घ्या. नेहमीच्या कोळणीला त्या दोन महिन्यांत विसरू नका. ती ऑगस्टमध्ये तुम्हाला विसरत नाही.

हे सगळं करताना एक पथ्य. गावाशी मैत्री म्हणजे जहाजाच्या गप्पा नाहीत. "साहेब कधी येणार? जहाज कुठे गेलंय?" हे प्रश्न दुकानदारापासून शिक्षिकेपर्यंत सगळे सहज विचारतात, त्यांच्या मनात काही नसतं. तरी उत्तर एकच, "कामावर आहेत." डिसेंबर २०१९ मध्ये नौदलाने जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोन नि फेसबुक वापरायला बंदी घातली, ती हेरगिरीची प्रकरणं उघड झाल्यावर. २०२५ च्या फेब्रुवारीत कारवारहूनही अशाच प्रकरणात अटका झाल्या. मुलीला फोन देणार असाल तर हे तिला समजावून सांगा: गॅलरीतून जेट्टी दिसते म्हणून फोटो नाही, "बाबा आज निघाले" असं स्टेटस नाही, अनोळखी मैत्रिणीला वडिलांचा हुद्दा सांगायचा नाही. नातेवाइकांच्या ग्रुपवरही परतीची तारीख टाकू नका.

तुमच्या नोकरीचं लांबवत नाही, कारण पर्याय थोडे आहेत. हिशेबाच्या कामाच्या नोकऱ्या कारवारला मोजक्याच. सध्याच्या सीएंना आत्ताच विचारा, जीएसटी आणि पुस्तकांचं काम घरून दिलं तर करता येईल का. मार्च-एप्रिलच्या गर्दीत त्यांना तुमची गरज असते, तेव्हा बोलणं आताच करा. क्वार्टरमध्ये ब्रॉडबँडचे नियम रुजू झाल्यावर यजमानांना विचारायला सांगा. बी.एड. असतं तर केंद्रीय विद्यालयात कंत्राटी शिक्षकांच्या मुलाखती उन्हाळ्याच्या आसपास निघतात असं सांगितलं असतं. वसाहतीत ओळखीची कुणी बी.एड. झालेली असेल तर तिला हे कळवा.

गाडीचं राहिलं. मुंबईची पासिंगची गाडी कर्नाटकात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर नोंदणी तिकडची करून घ्यावी लागते, आणि तिथला रस्ता कर चांगलाच बोचतो. नवी घ्यायचा विचार असेल तर थांबा, संरक्षण दलातल्या लोकांना बीएच मालिकेचा नंबर घेता येतो, कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि बदलीगणिक नोंदणी बदलायची नाही. जुनीच नेणार असाल तर आरटीओचा ना-हरकत दाखला मुंबई सोडण्याआधी काढा. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट आहे, पण ती तिथला पत्ता असलेल्यांना, तेव्हा आधारवरचा पत्ता बदलेपर्यंत तिकीट काढायचं.

तर माझं मत. पोस्टिंग किनाऱ्यावर असेल, तर तुम्ही आणि मुलं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कारवारला या, सासूबाईंचं डॉक्टरांच्या उत्तरावर ठरवा. पोस्टिंग जहाजावर असेल आणि मोठं रिफिट नुकतंच झालं असेल, तरीही याच, कारण मुलीची नववी-दहावी एका जागी होते आणि जहाज बंदरात असेल तेवढे दिवस तरी सगळे एकत्र असता. जहाज लवकरच कोचीला जायचं असेल आणि सासूबाईंचं हृदय नाजूक असेल, या दोन्ही गोष्टी एकदम असतील, तरच मी सांगली म्हणेन. तसं झालं तर मुलीच्या मंडळाचा प्रश्न जानेवारीतच सांगलीच्या शाळांत जाऊन सोडवा.

यजमानांच्या युनिटचं नाव इथे उघड लिहू नका. जहाज की किनारा, आणि डॉक्टर काय म्हणाले, एवढंच कळवा. त्यावरून घर कोणत्या भागात बघायचं ते सांगते.